मस्तक, मान आणि धड

माळशिरस तालुक्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे पहाटेच्या थंडींत एक दृश्य गांवोगांव दिसूं लागतें. उसाचा फड तुटत असतो. तोडलेल्या उसाची मोळी बांधून तयार होते. एक बाई गुडघ्यांत वाकते, दुसरें कोणी हात लावतें, मोळी डोक्यावरच्या चुंबळीवर येते, आणि ती बाई गाडीला लावलेल्या अरुंद फळीवरून एकेक पाऊल टाकीत वर चढते. मोळी डुलते, पण पडत नाहीं. बाईचा हात मोळीला लागलेला असतो खरा. परंतु भार त्या हातावर नसतो. भार असतो मस्तकावर, मानेवर, पाठीवर आणि पोटावर. शिवाय त्याच क्षणीं ती फळीची कड डोळ्यांनीं पाहत असते, खालच्या माणसाशीं बोलत असते आणि श्वासहि घेत असते.

हीं सारीं कामें एका वेळीं कोण पार पाडतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हातापायांच्या स्नायूंचें कौतुक आपण सर्वच करतों. तालमींतला पहिलवान शड्डू ठोकतो, तेव्हां आपली दृष्टि त्याच्या दंडावर आणि मांडीवर जाते. मस्तक, मान आणि धड यांचे स्नायु दंडाच्या बेटकुळीसारखे उठून दिसत नाहींत. उचलण्याफेकण्यापेक्षां धरून ठेवणें हेंच त्यांचें मुख्य काम. आणि धरून ठेवणाराकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तें जातें, तो हात सोडतो तेव्हां. म्हणून आज आपण प्रथम हे स्नायु वरून खालीं क्रमानें पाहूं, आणि शेवटीं एका अशा शत्रूचा विचार करूं, जो नेमका याच क्रमानें वरून खालीं उतरतो. आपल्या उसाच्या प्रदेशांत त्याची ओळख असणें हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

स्नायूचें काम एका शब्दांत सांगतां येतें : ओढणें. स्नायु ढकलूं शकत नाहीं. तो आखडतो आणि आपलीं दोन टोकें जवळ आणतो, एवढेंच त्याला येतें. विहिरीवरचा दोर ओढतां येतो, पण ढकलतां येत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणून एक स्नायु अवयवाला पुढें ओढतो, तर त्याच्या समोरचा दुसरा त्याला मागें आणतो. असे इच्छेनें हलणारे स्नायु आपल्या शरीरांत सहाशेंहून अधिक आहेत.

परंतु स्नायु आपण होऊन आखडत नाहीं. त्याला हुकूम लागतो. तो हुकूम मेंदूकडून मज्जातंतूच्या मार्गानें येतो. येथें एक नवलाची गोष्ट आहे. मज्जातंतूचें टोक स्नायूला चिकटलेलें नसतें; दोहोंच्यामध्यें एक अतिशय अरुंद फट असते. मज्जातंतूच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य सुटतें, तें ही फट ओलांडतें आणि कुलपांत किल्ली बसावी तसें स्नायूच्या पृष्ठभागावर ठरलेल्या जागीं बसतें. मग स्नायु आखडतो. ही सर्व क्रिया एका सेकंदाच्या अत्यल्प भागांत घडते. श्रोत्यांनीं ही फट तेवढी ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याशींच आपल्याला काम आहे.

आतां मस्तकापासून आरंभ करूं. चेहऱ्याच्या स्नायूंचा एक विशेष असा कीं, इतर स्नायु हाडाकडून हाडाकडे जातात, तर यांचें एक टोक बहुधा कातडींत शिरलेलें असतें. म्हणून ते आखडले म्हणजे हाड हलत नाहीं, कातडी हलते. कपाळाचा स्नायु भुंवया वर ओढतो आणि आडव्या आठ्या पडतात. डोळ्यांभोवतींचा वाटोळा स्नायु डोळे मिटतो. ओंठांभोवतींचा असाच वाटोळा स्नायु तोंड बंद ठेवतो, त्यामुळें पाण्याचा घोट बाहेर सांडत नाहीं आणि प, फ, ब, म हीं अक्षरें उमटतात. गालांत एक चपटा स्नायु आहे. त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थच मुळीं तुतारी वाजविणारा असा आहे. फुंकर घालतांना गाल फुगून फुटणार नाहींत याची काळजी तो घेतो. पण त्याचें नित्याचें काम याहून साधें आहे. चावतांना घास गालांत सरकतो, त्याला हा स्नायु पुन्हां दांतांखालीं लोटतो. तान्हें मूल आईच्या अंगावर पितें तेंहि याच स्नायूच्या मदतीनें. या सर्वांना हुकूम देणारा मज्जातंतु प्रत्येक बाजूला एकच आहे. तो एका बाजूस निकामी झाला, म्हणजे तोंड दुसऱ्या बाजूला ओढलें जातें, डोळा मिटत नाहीं, आणि घास गालांत अडकून राहतो.

चावण्याचे स्नायु निराळे. आपल्या दोन्ही कानशिलांवर बोटें ठेवा आणि दांत दांतांवर घट्ट दाबा. बोटांखालीं कांहीं तरी टणक होऊन उठतें. तो कानशिलाचा स्नायु. आतां बोटें खालीं जबड्याच्या कोनावर आणा आणि पुन्हां दाबा. तेथें त्याहून आंखूड पण बळकट असा दुसरा स्नायु लागतो. ऊस दांतांनीं सोलून खाणें हा या दोघांचा पराक्रम आहे. धनुर्वातांत प्रथम हेच स्नायु आखडून बसतात आणि दांतखीळ बसते; मग मान व पाठ यांचे स्नायु ताणले जाऊन शरीर धनुष्यासारखें मागें वाकतें, यावरून त्या रोगाला आपल्याकडे तें नांव पडलें. पूर्वीं खेड्यांत नाळ कापतांना झालेल्या अस्वच्छतेनें कितीतरी अर्भकें या रोगानें जात. लस, स्वच्छ बाळंतपण आणि सुईणींचें शिक्षण यांमुळें माता व नवजात अर्भकें यांचा धनुर्वात भारतांत आटोक्यांत आला, आणि २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तसें मान्य केलें.

मस्तकावरचे सर्वांत नाजूक कारागीर डोळ्यांपाशीं आहेत. प्रत्येक नेत्रगोलाला सहा स्नायु आहेत आणि दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा स्नायु एकमतानें वागतात, म्हणून आपल्याला एका वस्तूची एकच प्रतिमा दिसते. त्यांच्यांत थोडा जरी बेबनाव झाला, तरी एका दिव्याचे दोन दिवे दिसूं लागतात. याशिवाय वरच्या पापणीला उचलून धरणारा एक चिमुकला स्नायु आहे. डोळा मिटणारा स्नायु वेगळा आणि उघडा ठेवणारा हा वेगळा. सकाळीं जाग आल्यापासून रात्रीं झोंप लागेपर्यंत तो पापणी उचलून उभा असतो. एवढ्या लहान नोकराकडून एवढी दीर्घ चाकरी शरीरांत थोड्याच ठिकाणीं घेतली जाते. पापणी जड होणें हें आपण झोंपेचें लक्षण समजतों. तें दुसऱ्याहि एका गोष्टीचें लक्षण असूं शकतें. तें पुढें येईल.

आतां मान. आपलें मस्तक साडेचार ते पांच किलो वजनाचें असतें, आणि तें सर्वांत वरच्या मणक्यावर तोललेलें असतें. पण हा तोल बरोबर मध्यावर नाहीं. मस्तकाचा पुढचा भाग जड आहे. म्हणजे मागून कोणी ओढून धरलें नाहीं, तर डोकें पुढें पडणारच. मागून ओढून धरण्याचें हें काम मानेच्या मागचे स्नायु करतात. याचा पुरावा पाहावयाचा असेल, तर रात्रीं उशिरापर्यंत चाललेल्या कीर्तनांत मागच्या बाजूला बसावें. श्रोत्याला डुलकी आली कीं हे स्नायु सैल पडतात, हनुवटी छातीला लागते. आणि त्या झटक्यानेंच जाग येऊन तो पुन्हां ताठ बसतो.

मानेच्या पुढच्या अंगाला दोन दोर आहेत. हनुवटी उजव्या खांद्याकडे वळवा आणि डाव्या बाजूस बोटें लावा. कानामागच्या हाडापासून गळ्याखालच्या खळगीपर्यंत तिरका उतरणारा एक दोर हातीं लागेल. उजवीकडे मान वळविणारा स्नायु डावा, आणि डावीकडे वळविणारा उजवा. दोघांनीं मिळून ओढलें तर मान पुढें वाकते. अंथरुणावर उताणें पडून उशीवरून डोकें उचलावें, तें याच दोघांच्या जोरावर. ही शेवटची गोष्टहि ध्यानांत असूं द्या.

मानेच्या मागून दोन्ही खांद्यांकडे आणि खालीं पाठीच्या मध्यापर्यंत एक रुंद चपटा स्नायु पसरलेला आहे. आषाढींत आळंदीची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेनें पंढरीस जाते, आणि देहूची पालखी अकलूजकडून येते. त्या दिंड्यांतला मृदंग वाजविणारा पाहा. मृदंग गळ्यांत अडकवून तो दिवसभर चालतो आणि वाजवितोहि. संध्याकाळीं मुक्कामावर त्याच्या खांद्याला व मानेला जी कळ लागते, ती या स्नायूची. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या माउलींची गोष्ट थोडी निराळी आहे. तें ओझें सरळ मणक्यांच्या खांबावरून खालीं उतरतें; स्नायूंना तें उचलावें लागत नाहीं, फक्त ढळूं द्यावयाचें नसतें. म्हणून डोक्यावर समतोल घेतलेला भार वाकून उचललेल्या भाराइतका पाठीला जाचत नाहीं. मात्र तो फार झाला, तर मानेचे मणके झिजतात, हें उसाच्या मोळ्या वाहणारांनीं विसरूं नये.

गिळण्याची क्रियाहि मानेंतच होते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. कंठमणि वर चढतो आणि पुन्हां खालीं येतो. त्या अर्ध्याअधिक क्षणांत घशाच्या आणि जिभेच्या स्नायूंनीं श्वासनळीचें दार झांकलें, घास अन्ननळींत लोटला आणि दार पुन्हां उघडलें. जेवतांना कोणी हंसविलें म्हणजे ठसका लागतो, तो या दारावरच्या पहारेकऱ्याची चूक होते म्हणून.

येथून आपण धडाकडे उतरूं. पालखीच्या तळावर राहुट्या उभ्या राहतात. राहुटीचा मधला खांब आपल्या बळावर उभा नसतो. चारी बाजूंनीं ताणलेले दोर त्याला उभा ठेवतात. एक दोर सैल केला कीं खांब कलतो. पाठीचा कणा हा असाच खांब आहे. कण्याच्या दोन्ही अंगांना कमरेपासून मानेपर्यंत लांब स्नायूंचे जाड पट्टे गेले आहेत; पाठीवर मधोमध जी पन्हळ दिसते, तिचे दोन्ही कांठ म्हणजे हेच स्नायु. ते मागचे दोर. पुढचे दोर पोटाचे.

वाकून ओझें उचलतांना या मागच्या दोरांवर किती ताण पडतो, याचा साधा हिशेब करूं. पाठीचे हे स्नायु मणक्यांच्या मध्यापासून सुमारें ५ सेंटिमीटर मागें आहेत. कमरेंत वाकून, हात लांब करून आपण ओझें उचललें, तर तें मणक्यांपासून सुमारें ४० सेंटिमीटर पुढें असतें. तराजूची एक बाजू आठपट लांब झाली. म्हणून २० किलोच्या ओझ्याला तोलावयास स्नायूंना १६० किलोंची ओढ लावावी लागते. आणि वाकलेल्या धडाचें स्वतःचें वजन यांत धरलेलेंच नाहीं. तेंच ओझें गुडघे मोडून, पोटाशीं घेऊन उचललें, तर अंतर निम्म्यावर येतें आणि ओढहि निम्म्यावर येते. ओझें तेंच, मजुरीहि तीच. फरक एवढाच कीं, एका रीतीनें कंबर चाळिशींत जाते आणि दुसऱ्या रीतीनें ती म्हातारपणापर्यंत साथ देते.

पोटाची भिंत चार जोड्यांची आहे. मधोमध दोन उभे पट्टे, आणि दोन्ही बाजूंना एकावर एक असे तीन थर. बाहेरचा थर एका दिशेनें तिरका, त्याच्या आंतला उलट दिशेनें तिरका, आणि सर्वांत आंतला आडवा. सुंभाची बाज विणतांना दोर उलटसुलट घालतात, म्हणून ती भार घेते. निसर्गानें तीच युक्ति येथें योजली आहे. जड वस्तु उचलतांना आपण नकळत श्वास कोंडतों आणि पोट घट्ट करतों. त्यामुळें धड हवा भरलेल्या चाकासारखें ताठ होतें आणि कण्याचा भार हलका होतो. खोकणें, शिंकणें, शौच आणि प्रसूति या सर्वांना याच भिंतीचा जोर लागतो. परंतु या भिंतीला जांघेपाशीं एक दुबळी जागा आहे. तेथून आंतडें बाहेर येऊं लागलें, म्हणजे त्याला आपण अंतर्गळ म्हणतों. तो पट्टा बांधून बरा होत नाहीं. त्याला शस्त्रक्रिया लागते.

आतां राहिला धडाचा राजा. छाती आणि पोट यांच्यामध्यें घुमटाच्या आकाराचा एक आडवा स्नायु आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. तें आखडलें कीं घुमट खालीं बसतो, छातींत जागा होते आणि हवा आंत शिरते. त्याच वेळीं फांसळ्यांमधले स्नायु फांसळ्यांना वर उचलतात. बादलीची पडलेली कडी उचलावी तशा त्या वर आणि बाहेर जातात. उच्छ्वासाला मात्र शांत बसलेल्या माणसाला श्रम पडत नाहींत. स्नायु सैल झाले कीं छाती आपोआप पूर्वस्थितीवर येते. पण अभंगाचा लांब सूर धरावयाचा असेल, तर ही हवा जपून सोडावी लागते, आणि तेथें पोटाचे स्नायु कामाला येतात. शांत माणूस मिनिटाला सुमारें पंधरा श्वास घेतो. म्हणजे अहोरात्रांत २१,६००. आपल्या जुन्या योगग्रंथांतहि हाच आंकडा दिलेला आहे. या श्वासपटलाला हुकूम देणारा मज्जातंतु निघतो मात्र मानेंतून. झाडावरून पडून ज्याची मान मोडते, त्याचा श्वास अनेकदां कां बंद पडतो, याचें कारण यांत आहे.

श्रोते हो, येथपर्यंत आपण पापणीपासून श्वासपटलापर्यंत उतरलों. आतां त्या अरुंद फटीकडे परत वळूं.

उसाच्या फडांत उंदीर असतात, आणि उंदरांमागें साप येतात. तोडणीच्या टोळ्या कोपींत जमिनीवर निजतात. वारीच्या वाटेवर हजारों माणसें उघड्यावर पथारी पसरतात. उन्हाळ्यांत आपण अंगणांत झोंपतों. अशा वेळीं रात्रीं फिरणारा साप म्हणजे मण्यार. काळसर चकचकीत अंगावर पातळ पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप निजलेल्या माणसाला चावतो, आणि पुष्कळदां त्या माणसाला जागहि येत नाहीं. घोणस किंवा फुरसें चावलें तर सूज येते, आग होते. मण्यारीच्या दंशाला बहुधा सूज नाहीं, वेदना नाहीं. दांतांची खूणहि सांपडत नाहीं. माणूस पहाटे उठतो तो पोटांत दुखतें म्हणून. घरचे म्हणतात, रात्रीं कांहीं बाधलें असेल; आणि ओवा देतात.

वास्तविक त्या वेळीं विष फटीपर्यंत पोंचलेलें असतें. मण्यारीच्या विषांत अशीं द्रव्यें आहेत कीं, तीं मज्जातंतूचें टोकच निकामी करतात. हुकूम पोंचविणारें द्रव्य सुटेनासें होतें. नागाच्या विषांतलें द्रव्य स्नायूच्या बाजूचें कुलूप अडवून बसतें. १९६३ सालीं तैवानमध्यें चांग आणि ली या शास्त्रज्ञांनीं तेथील मण्यारीच्या विषांतून असें कुलूप अडविणारें द्रव्य वेगळें काढलें, आणि पुढें त्याच द्रव्याच्या साह्यानें स्नायूवरील त्या कुलपाचा शोध जगाला लागला. मनुष्याच्या स्नायूला हुकूम कोठें मिळतो, हें पुष्कळ अंशीं सापानेंच आपल्याला शिकविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां हें विष स्नायूंना कोणत्या क्रमानें गांठतें तें पाहा. पहिला बळी पापणीचा. पापण्या जड होतात, उघडतां उघडत नाहींत. मग नेत्रगोलाचे स्नायु. एकाचे दोन दिसतात. मग जबडा आणि जीभ. बोलणें जड होतें, तोंड नीट उघडत नाहीं. मग घसा, थुंकी गिळतां येत नाहीं, ती ओंठांतून गळते. मग मान, उशीवरून डोकें उचलत नाहीं, आणि बसविलें तर तें एका बाजूला कलंडतें. मग फांसळ्यांमधले स्नायु. आणि सर्वांत शेवटीं श्वासपटल. मस्तक, मान, धड. आजच्या भाषणाची जी मांडणी, तीच या विषाची वाट.

यांतली सर्वांत हृदयद्रावक गोष्ट अशी कीं, बुद्धि बहुधा जागी असते. त्या माणसाला सर्व ऐकूं येतें. बायकोचें रडणें, शेजाऱ्यांची कुजबूज, आतां कांहीं उरलें नाहीं हे शब्द, सारें त्याच्या कानांवर पडतें. परंतु डोळा उघडून मी आहें एवढें सांगण्यापुरताहि स्नायु त्याच्या सत्तेंत उरलेला नसतो. म्हणून अशा माणसाच्या देखत निराशेचा शब्द काढूं नये, आणि वैद्यकीय तपासणीवांचून त्याला मृत समजूं नये.

उलट, हा क्रम ठाऊक असणें म्हणजे हातांत घड्याळ असण्यासारखें आहे. दवाखान्यांत डॉक्टर दोन साध्या परीक्षा घेतात. त्यांना यंत्र लागत नाहीं. रोग्याला उशीवरून डोकें उचलून धरावयास सांगतात, आणि तो किती वेळ धरतो तें पाहतात. दुसरें, दीर्घ श्वास घेऊन एका दमांत एक, दोन, तीन असे अंक मोजावयास सांगतात. मघां विसांच्या पुढें जाणारा माणूस आतां दहांवर थांबत असेल, तर श्वासाचे स्नायु थकत चालले आहेत. पहिली परीक्षा मानेच्या त्या दोन दोरांची, दुसरी श्वासपटलाची.

उपाय आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारहि सापांवर चालणारें प्रतिविष आपल्या देशांत तयार होतें. मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठीं महाराष्ट्राला जुन्या काळापासून परिचित आहे. परंतु प्रतिविष रक्तांतलें मोकळें विष निष्फळ करतें. मज्जातंतूचीं जीं टोकें अगोदरच निकामी झालीं, तीं तें पुन्हां उभारूं शकत नाहीं. तीं शरीर स्वतः उभारतें, आणि त्याला कित्येक दिवस लागतात. तोंपर्यंत काय करावयाचें? श्वास उसना द्यावयाचा. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली आणि शेंकडों रोग्यांचे श्वासाचे स्नायु लुळे पडले. तेव्हां वैद्यकीचे विद्यार्थी आळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसले आणि श्वासनळींत बसविलेल्या नळीवाटे हवेची पिशवी हातानें दाबून त्यांनीं दिवसेंदिवस, रात्रंदिवस त्यांना श्वास पुरविला. मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. आजचीं श्वासयंत्रें त्याच मार्गानें पुढें आलीं. मण्यारीनें लुळा पडलेला माणूस अशा आधारावर तगला, तर पापणी पुन्हां उचलते, मान पुन्हां धरते, आणि पुष्कळदां तो आपल्या पायांनीं घरीं जातो.

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. पावसाळ्यांत आणि हंगामांत शक्य तर बाजेवर निजावें; जमिनीवर निजावें लागलें, तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखालीं चारी बाजूंनीं दाबाव्या. रात्रीं उठतांना उजेड घ्यावा. साप चावल्याचा संशय येतांच माणसाला चालवूं नये. चावलेला अवयव फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. दोर करकचून आवळूं नये, जखम कापूं नये, विष चोखूं नये, आणि खावयास प्यावयास कांहीं देऊं नये. कारण गिळण्याचे स्नायु दगा देण्याच्या बेतांत असतात. लाळ गळत असेल तर कुशीवर निजवावें. आणि श्वास थांबलाच, तर तोंडानें श्वास देत राहावें. सकाळीं उठलेल्या माणसाच्या पापण्या कारणावांचून उतरल्या असतील, तर दंशाची खूण शोधीत बसूं नये.

माळशिरसला ग्रामीण रुग्णालय आहे, अकलूजला उपजिल्हा रुग्णालय आहे. सोलापूरचें मोठें सरकारी रुग्णालय येथून शंभर किलोमीटरांहून लांब. त्या वाटेवर श्वास बंद पडूं शकतो. म्हणून प्रथम जवळच्या रुग्णालयांत जाऊन प्रतिविष सुरू करावें, आणि पुढें न्यावयाचें तर श्वास देण्याची सोय असलेल्या गाडींतूनच न्यावें. १०८ हा क्रमांक त्यासाठीं घरांतल्या लहानथोरांना पाठ असावा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. तीं बहुतेक खेड्यांतलीं, शेतांत राबणारीं माणसें होतीं. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला एक तास हा श्वासपटलाच्या हिशेबांतून वजा होतो, हें आपण घरोघर सांगितलें पाहिजे.

उद्यां पहाटे फडाकडे जातांना ती मोळी वाहणारी बाई आपल्याला दिसेल. ती फळी चढत असेल, कोणाला तरी हांक मारीत असेल. तिच्या मानेचे दोर ताठ असतील, पोटाची भिंत घट्ट असेल, आणि श्वासपटल आपलें काम बिनबोभाट करीत असेल. संध्याकाळीं ती कोपींत जमिनीवर अंग टाकील. तिच्या निजण्याच्या जागीं एक बाज आणि एक मच्छरदाणी असावी, एवढी काळजी तिच्या श्रमावर ज्यांचा ऊस गाळला जातो त्यांनीं घ्यावी. दिवसभर एवढा भार ज्या स्नायूंनीं पेलला, त्यांना रात्रीची निर्धास्त विश्रांति देणें हें आपलें कर्तव्य आहे.